वरच्या पट्ट्यातली माती

मरोळच्या मागची टेकडी कुरतडून खदानवाल्यांनी दगड शहराला विकला आणि मागे ठेवलं एक भगदाड. शहाऐंशी साली खदान बंद झाली. मग सरकारला उमाळा आला. म्हणे इथे जंगल उभं करा. कातळावर जंगल! ज्यांनी टेकडी खाल्ली त्यांना कोणी काही विचारलं नाही. खड्डे खणायला लावले ते आमच्याच लोकांना.

मालनचा नवरा काशीराम मूळचा गिरणीतला. संपात गिरणी गेली तेव्हा तो इथे सुरुंगाच्या कामाला लागला, आणि आता झाडं लावणाऱ्या टोळीचा मुकादम होता. रोपं जगली तर तुला कायमचा रखवालदार करतो, खोलीसकट, असा ठेकेदाराचा शब्द होता. पण रोपं जगणार कशावर? माती म्हणून ठेकेदार डेब्रिज ओतत होता. विटांचे तुकडे, चुना, फुटक्या फरशा. सुबाभूळ दोनदा लावली, दोनदा वाळून तिच्या काड्या झाल्या. ऑफिसातला विद्याधर साहेब येऊन बोंबलून गेला, "या खेपेला मेली तर टोळीच बदलतो."

आणि मग माती आली. तांबूस, भुसभुशीत, करंजाचा पाला कुजलेली. टेकडीचा वरचा एक पट्टा सुरुंगातून वाचला होता, तिथून काशीराम आणि दोन गडी ती खणून पत्र्यावरून खाली सोडत. बायका खाली घमेली भरत.

"गावची आठवण झाली बघ," मालन हाताने ढेकूळ फोडत म्हणाली.

"मग खा थोडी," शेजारची वनमाला हसली. "तुझा घोव एवढी माती सांभाळून बसला होता आणि आपण इतके दिवस विटा पुरतोय!"

"चढू का वर? बघते किती आहे."

"नको!" वरून काशीराम खेकसला. "कडा ठिसूळ आहे. बायकांनी वर यायचं नाय."

मालनला हे नवीन नव्हतं. त्या पट्ट्यावर बायकांनी जायचं नाही हे खदान चालू असल्यापासूनचं; सुरुंग उडतात म्हणून, असं पुरुष सांगत. तिची जयू दगडाची धूळ खाऊन खोकत गेली तेव्हा आठ महिन्यांची होती. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला आई जात नाही. काशीरामने धोतरात गुंडाळून तिला नेलं, दोघी-तिघींनी मालनला दारात धरून ठेवलं. तेव्हापासून ती विचारायची, खंय ठेवलात तिला? ओढ्याकडे? रस्त्याकडे? तो म्हणायचा, बायकांनी विचारू नये. एवढंच तिला हवं होतं. एक जागा. तिकडे तोंड करून बसता आलं असतं.

दुपारी ती एका रोपाचा खड्डा हाताने भरत होती. बोटाला काहीतरी कडक लागलं. वीट असेल म्हणून तिने उपसून काढलं. भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा, एका बाजूने कड तुटलेला. जयूच्या कमरेच्या करगोट्यात तो मालननेच ओवला होता. कड तुटलेला आहे, पोराला बोचेल, म्हणून त्या बाजूला चिंधी गुंडाळली होती.

तिने वर बघितलं. मग घमेलं तसंच टाकून चढायला लागली. काशीराम ओरडला, ती थांबली नाही. तिच्या हातातला पैसा बघून वनमालाही ओंजळीतली माती सोडून निघाली. तिचेही दोन असेच नेले होते.

वर अर्धा पट्टा संपला होता. करंजाची मुळं उघडी पडली होती आणि खाली काळा कातळ, खरवडलेला.

मालनने हात पुढे केला. पैसा बघून काशीरामने कुदळ खाली टाकली.

"काय गावलाच नाय गो," तो म्हणाला. "शपथ. एवढ्या वर्सांत काय ऱ्हवता? सगळ्याची माती झाली."

"म्हणून चांगली माती."

"मग काय करू? खंयसून आणू? टोळी गेली असती, झोपडं गेलं असतं..."

आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती. "दाखव," ती म्हणाली. "खंय ठेवलं होतंस तिला?"

त्याने कातळाकडे बोट केलं. मग जरा डावीकडे केलं. मग हात खाली घेतला. तिला आता काही विचारायचं राहिलं नाही. जयू खाली होती, एका खड्ड्यात की वीस खड्ड्यांत, ते कोणाला सांगता येणार होतं?

तेवढ्यात खाली जीप थांबली. विद्याधर साहेबाने चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली.

"झकास!" तो वर बघून ओरडला. "अरे काशीराम, आधी का नाही काढलीस ही? आणखी मिळेल?"

काशीरामचं तोंड सवयीने उघडलं. "मिळेल, सा..."

मालनने कुदळ उचलली आणि खदानीच्या तळात साचलेल्या हिरव्या पाण्यात भिरकावली. पाठोपाठ वनमालाने फावडं टाकलं.

"डोकं फिरलं का बायकांचं?" साहेब म्हणाला.

 जीपमध्ये बसणाऱ्याला हे कळण्यासारखं नव्हतं.

टोळी गेली. रखवालदारी गेली, खोलीही गेली. दुसऱ्या दिवशी चांदिवलीकडून दुसरी टोळी आणली, दुसरा मुकादम. मालन सकाळपासून पट्ट्यावर उभी होती. पदराच्या गाठीत पैसा होता.

"बघून खणा गं," ती नव्या बायकांना म्हणाली. "लेकरं आहेत."

बायका थबकल्या. एकमेकींकडे, मग मुकादमाकडे बघायला लागल्या.

"चला, चला," मुकादम म्हणाला. "हजेरी मांडलीय."

त्या दिवशी एकीनेही घमेलं आपटलं नाही. दोन्ही हातांनी धरून, वाकून, हळू खाली ठेवत होत्या. भरली मात्र सगळी.