दिवसाला दोन शर्ट

धाकटा शिंपी दिवसाला आठ शर्ट हातावेगळे करायचा, त्याची वहिनी जेमतेम दोन. तरी मेलं गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवताच विचारायचं, "वहिनी आहेत ना?" त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग जिन्यावरून घसरून त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मशीन बंद. वहिनीशेजारी बसून हातानं काजं करायची पाळी आली. एकेका काजाला अर्धा तास लागायचा, सुईनं बोटांची चाळण व्हायची. ती मात्र गुणगुणत टाके घालायची. ते गुणगुणणंसुद्धा त्याच्या डोक्यात जायचं.

तिसऱ्या दिवशी तो कंटाळून तिचे हात बघत बसला. पहिल्यांदाच नीट बघितले. तिनं तयार कपड्यांतून एक शर्ट उचलला, बाही उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली. शर्ट त्यानंच शिवलेला होता.

"हे कधीपासून चाललंय?" त्यानं हातातली सुई खाली ठेवत विचारलं.

"तुम्ही दुकानात बसायला लागल्यापासून, भाऊजी," मान वर न करता ती म्हणाली. "म्हणून तर माझे दोनच होतात."