तीन ओळींची चिठ्ठी

संग्रहालयातल्या कीटकांच्या पेट्यांना मी चिठ्ठ्या लिहिते. काडेपेटीएवढी चिठ्ठी, ओळी तीनच: नाव, त्याचा ग्रीक अर्थ, थोडी माहिती. भुंगा झाला: कोलिओप्टेरा, म्हणजे म्यानातल्या पंखांचा. फुलपाखरू झालं: लेपिडोप्टेरा, खवल्यांच्या पंखांचं. तिसऱ्या पेटीशी मात्र सकाळपासून बूड खुर्चीला टेकेना.

एफिमेरोप्टेरा. एफिमेरोस म्हणजे एका दिवसाचा; पंख फुटल्यावर हा किडा जेमतेम एक दिवस जगतो.

मागच्या महिन्यात आई गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती, तिची कूस बदलायला मी एकटी. धाकटा भाऊ शेवटच्या दिवशी पोचला आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "हाल झाले नाहीत हो, एका दिवसात आटोपलं." मी चहाचे कप उचलत राहिले.

चौथ्यांदा खिडकीपर्यंत जाऊन आले आणि चिठ्ठी लिहून टाकली. साहेबांनी भिंग लावून वाचली.

"अहो, ग्रीक अर्थ कुठंय? माहितीच्याच दोन ओळी झाल्यात."

"पंख फुटायच्या आधी हा किडा पाण्याच्या तळाशी चिखलात दोन-दोन वर्षं काढतो, साहेब. ते लिहिल्यावर जागा उरली नाही."

"पण नाव तर एका दिवसाचंच आहे ना?"

"नाव देणाऱ्यानं शेवटचा दिवस तेवढा पाहिला," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि चिठ्ठीला टाचणी लावली.

मी बाहेर आले आणि भावाला फोन लावला.