खंड्याची रिकामी जागा

अल्बममधल्या रिकाम्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतल्या चिरा किंचित वर उचललेल्या होत्या. कार्ड कधीच न बसवलेली चीर सपाट राहते, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. सिगारेटच्या पाकिटातून येणारी कार्डं ती कामाला होती त्याच छापखान्यात कापली जात, आणि ती बसवायच्या अल्बमच्या पानांना चिराही तिथेच पडत.

चौकोन खंड्याचा होता. पन्नास पक्ष्यांपैकी तेवढा एकच राहिला होता. तिच्या थोरल्या भावाने, दादाने, डॉक्टरांसमोर वहिनीला शब्द दिला होता की संच पुरा झाला की सिगारेट बंद. तेव्हापासून ना खंड्या हाती लागत होता, ना खोकला पाठ सोडत होता.

वहिनीचा सगळा राग कंपनीवर. शेवटचा पक्षी ते छापतच नाहीत, लोकांना नुसतं झुलवत ठेवतात, असं ती येईल त्याला सांगायची. धाकटीलाही ते पटलं असतं. पण खंड्याचे गठ्ठे ती स्वतः बांधत होती, आणि ते घुबडाच्या गठ्ठ्यांइतकेच जाड असत.

मग कार्ड गेलं कुठे? वहिनीचा भाऊ आला की अल्बम चाळत बसायचा. धाकटीने आडून आडून त्याचा विषय काढला, तर वहिनी उसळली.

"त्याला चिमणी आणि कावळा वेगळे ओळखता येत नाहीत. तो कसली पाखरं पळवतोय!"

उरला दादा. नको नको म्हणताना संशय त्याच्यापाशीच येऊन थांबला. जेवताना तो खोकला की ती आता त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघू लागली.

शेवटी एका रात्री सगळे जेवत असतानाच तिने अल्बम उघडून त्याच्यासमोर ठेवला. "दादा, इथे कार्ड बसलं होतं."

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने सवयीने पान दिव्याखाली धरलं, चिरेवरून नख फिरवलं, आणि नाकबूल केलं नाही. खंड्या दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्याने बसवून पाहिला, आणि काढून चुलीत टाकला.

वहिनीचा हात ताटातच थांबला. "आणि मी इथे कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसले. उद्या पुन्हा आला, तर बसवाल?"

दादाने अल्बम मिटला.

"बसवेन. पण सिगारेट मी सोडणार नाही."