अकरा ग्रॅम जास्त

एकतीस वर्षं मी, दत्तोबा, चाकणच्या एका लहान वर्कशॉपात फोरमन आहे. माझ्या हातचा एकही पार्ट कधी रिजेक्ट झालेला नाही. महिनाअखेरीला निवृत्त होणार, आणि शेवटचा पार्ट नेमका फुग्याला लटकणारा निघाला.

फुगा वाढदिवसाचा नव्हे. तो ढगांच्या कितीतरी वर दुर्बीण नेतो. दुर्बीण सूर्याचे फोटो काढते आणि मग पॅराशूटने खाली येते. तिची अ‍ॅल्युमिनियमची बैठक बनवायचं काम आमच्याकडे होतं. सवयीप्रमाणे मी भिंती जरा जाडच ठेवल्या, कारण माल मजबूत आहे म्हणून आजवर कोणी परत पाठवला नव्हता. काट्यावर अकरा ग्रॅम जास्त भरले.

तपासायला आलेल्या विजयश्री मॅडम म्हणाल्या, "काका, पाचला गाडी निघतेय. वजन उतरवा, नाहीतर मला रिजेक्ट लिहावं लागेल. भिंतींना हात लावू नका. आतल्या तळाला मिलिमीटरभर खोल काहीही कोरा."

साडेतीन वाजले होते. नवा प्रोग्रॅम लिहायला वेळ नव्हता. मशीनवर तयार होता तो रावेतच्या सोसायट्यांच्या नेमप्लेटवर नावं कोरायचा.

"भाऊ, नावंच घालू का?" ऑपरेटर भीमराजने विचारलं.

एका नावाला साधारण एक ग्रॅम जात होता. पहिलं मालकांचं घातलं. झाडलोट करणाऱ्या यशोदाबाईंचं सव्वा ग्रॅम भरलं, तेव्हा हेल्पर जयसिंगने स्वतःचं आडनावासकट मागितलं. मी नाही म्हटल्यावर तो रुसून चहाला गेला. शेवटी माझंही झालं. ग्रॅमभर अजून जास्तच होतं आणि वर्कशॉपातली माणसं संपली.

"आता कुणाचं?" भीमराज म्हणाला.

मला घरातली भांडी आठवली. लग्नात मिळालेली, प्रत्येकावर माझं नाव. घासते माझी बायको, कस्तुरा. पस्तीस वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं. आता आलं आणि लाज वाटली.

"कस्तुरा घाल," मी म्हणालो.

काटा बरोबर आकड्यावर आला. मॅडमनी सही केली.

संध्याकाळी मोरीत भांडी घासत बसलेल्या कस्तुराला मी सगळं सांगितलं.

"माझं नाव? वर सूर्यापाशी?"

"पार तिथवर न्हाई. पण आपल्यापेक्षा जवळ."

तिने हातातलं पातेलं आणि काथ्या माझ्यापुढे सरकवला.

"ह्ये तुमी घासा. ह्याच्यावर तुमचं नाव हाय."