भाडेकरूच्या खोलीतली खाट

मी खाट बोलतेय. लोखंडी, एकेरी, चार पाय आणि वर पट्ट्यांची जाळी. दिसायला काही खास नाही. वसतिगृहात आणि इस्पितळात माझ्या बहिणी रांगेने उभ्या असतात. त्यांच्या अंगावर माणसं झोपतात, घोरतात, रडतात. माझ्यावर मात्र सव्वीस वर्षांत जेमतेम तीनशे दिवस कोणी झोपलं असेल. तरी मी त्यांच्यापेक्षा जास्त थकलेय. वापराने येणारा थकवा वेगळा. उभं राहून खोटी साक्ष देण्याचा थकवा फार वेगळा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डर तोंडासमोर काळी काच धरून मला जोडत होता आणि शेजारच्याशी सासूच्या गोष्टी बोलत होता. गोष्टीच्या नादात माझा मागचा डावा पाय नखभर आखूड राहिला. पुढे मला दुकानात आणून भिंतीला टेकवून ठेवलं.

तिथे एके दिवशी दोन पुरुष आले. तिशी ओलांडलेले. एक बोलका, शर्टाच्या खिशाला लहानसा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. दुसरा शाळेत गणित शिकवायचा. त्याने आधी माझी लांबी-रुंदी मोजली, मग बोलला. मी त्यांना चष्मेवाला आणि मास्तर म्हणते. घरात ते एकमेकांना फक्त "अरे" म्हणतात.

"दोघे आहात तर दोन घ्या," दुकानदार म्हणाला.

"एकच पुरे," मास्तर म्हणाले.

"मग दुसरे कुठे झोपणार?"

"आमच्याकडे एक आहे," चष्मेवाला म्हणाला, आणि मास्तरांचे कान लाल झाले.

घर दोन खोल्यांचं, पुढे छोटा हॉल. एका खोलीत रुंद पलंग होता. दुसऱ्या खोलीत मला मांडलं, वर नवी गादी टाकली, आणि दार लोटून दोघे निघून गेले. मला वाटलं, येतील. कोणी आलं नाही. महिना गेला, दोन महिने गेले. माझ्यावर इस्त्रीचे कपडे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, एक मोडका पंखा असं काहीबाही साठत गेलं. मला काही उमजेना.

उमजलं ते ताई यायच्या वेळी.

ताई म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. दुसऱ्या शहरात असते. वर्षातून एकदा आठ दिवस भावाकडे यायची. ती येण्याच्या आदल्या दिवशी घरात धावपळ उडायची. माझ्यावरचे कपडे उचलले जायचे. मास्तरांची पुस्तकं उशाशी यायची, त्यांचा पंचा माझ्या दांडीवर, त्यांच्या चपला माझ्या पायाशी.

"उशीला जरा खड्डा पाड," चष्मेवाला दारातून सांगायचा. "फार कोरी दिसतेय."

मास्तर उशीवर चार बुक्क्या मारायचे. मग चादरीवर इकडून तिकडे लोळायचे, आणि उठून लांबून बघायचे, फळ्यावरचं गणित बघावं तसं.

"आता?"

"आता ठीक. भाडेकरू वाटतोस."

दोघे हसायचे. पहिली काही वर्षं खरंच हसायचे. पुढे नुसतेच करायचे, पाहुणे येणार म्हणून पंखे पुसावेत तसं.

ताई यायची. रुंद पलंग तिला, भाऊ हॉलमध्ये जमिनीवर, आणि मास्तर माझ्यावर. ते माझ्यावर ताठ पडून राहायचे, हात पोटावर ठेवून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. जेवताना "मास्तर, भाजी वाढू का?" "पुरे, पुरे, ताई" असं अदबीचं चालायचं. एकदा ताईने विचारलं, "मास्तर, लग्नाचं काही बघत नाही का कोणी तुमच्या घरी?" मास्तर म्हणाले, "आता वय झालं." तेव्हा ते अडतीसचे होते. भावाला तिने हा प्रश्न कधीच विचारला नाही. मला याचं नवल वाटायचं. त्यांनाही वाटायला हवं होतं.

अशी तेवीस वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले. शाळेत कळलं तर काय, ही त्यांची धास्ती शाळेबरोबर संपली. पण सवय संपत नाही. ताई येणार म्हटलं की उशीवर बुक्क्या पडायच्याच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चष्मेवाला दुकानात काच घासता घासता छाती धरून खाली बसला. दुकानमालकाने त्याला इस्पितळात नेलं आणि मास्तरांना फोन केला. मास्तर होते तसे धावले. घरातल्या सपातांवर. दाराशी कारकुनाने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

मास्तर काय म्हणाले हे मला फार उशिरा कळलं. ते म्हणाले, "भाडेकरू."

"मग बाहेर बसा. आत फक्त घरचे."

ते बाकावर बसले. नऊ तास. मालकाने ताईला कळवलं होतं. ती बस पकडून संध्याकाळी पोचली आणि सरळ आत गेली. बाहेर येऊन मास्तरांना म्हणाली, "बरा आहे तो. तुम्ही जा घरी, उगाच कशाला ताटकळता?" आणि मास्तर घरी आले. माझ्या काठावर बसले, पायात तशाच सपाता. त्या दिवशी त्यांनी त्या काढल्याच नाहीत.

चष्मेवाला आठवड्याने परत आला. रुंद पलंग बुटका, उठायला त्रास, म्हणून डॉक्टरांनी उंच खाट सांगितली. असा तो माझ्यावर आला आणि पहिल्यांदा माझ्यावर कोणीतरी खरंखुरं, घामेजून, कूस बदलत झोपलं. मास्तर शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. ही खोली अशी राहती मी कधी पाहिली नव्हती.

त्याच सुमारास कायदा बदलला. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्नाची नोंदणी करता येणार. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येताना चष्मेवाल्याचा रक्तदाब बघायला यायच्या. त्याच बातमी घेऊन आल्या. त्या स्वतः एका बसचालक बाईबरोबर राहतात. सगळ्या जिन्याला ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही नाही.

"काका, तुम्ही करणार का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही?" चष्मेवाल्याने उलट विचारलं.

"मला करायचंय. आमची बाई म्हणते, लग्न केलेल्यांची तोंडं रोज बसमध्ये बघते, मला नको."

चष्मेवाला पोट धरून हसला. "तिचं बरोबर आहे. अहो, इतकी वर्षं कोणाला न विचारता राहिलो. आता म्हातारपणी साहेबासमोर उभं राहून विचारायचं, राहू का म्हणून?"

मास्तर हसले नाहीत. नर्सबाई गेल्यावर म्हणाले, "मला करायचंय."

"कशाला रे? काय कमी आहे आपल्याला?"

"तुला काही कमी नव्हतं. तू आत होतास."

"म्हणजे?"

"मला तिथे विचारलं, कोण तुम्ही. मी भाडेकरू म्हणालो. दुसरा शब्दच आला नाही तोंडात. नऊ तास मी तिथे बसून दुसरा शब्द शोधत होतो. मित्र म्हटलं तरी आत सोडलं नसतं. मला एक शब्द हवाय. तो सरकारने दिलेला असला तरी चालेल, मला काही कमीपणा नाही त्यात."

चष्मेवाला छताकडे बघत म्हणाला, "सपातांवर गेला होतास म्हणे. मालक सांगत होता."

"हो."

"बावळटा." आणि थोड्या वेळाने, "ठीक आहे. पण ताईला मी सांगणार. साक्षीला तीच हवी. तिने मला मोठं केलंय."

ताई आली. या खेपेला मला कोणी सजवलं नाही. चष्मेवाला माझ्यावरच होता, मास्तर खुर्चीत. ताई माझ्या पायथ्याशी टेकली. भावाने सांगायला सुरुवात केली. तीन वेळा अडखळला, पाणी प्यायला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पुरे," ताई म्हणाली. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. अरे, मी हॉटेलात गाद्या-चादरींच्या खात्यात जन्म काढला. गादीवर हात फिरवला की त्यावर कोण किती दिवस झोपलंय ते सांगते मी. पहिल्याच वर्षी ही गादी बघितली. एवढा मोठा बाप्या रोज झोपतो आणि गादी परवा आणल्यासारखी? मास्तर बुक्क्या मारायचे ना उशीवर? बुक्कीचा खड्डा वेगळा दिसतो, डोक्याचा वेगळा."

चष्मेवाल्याला हसावं की काय ते कळेना. "मग बोलली का नाहीस, ताई?"

"तुम्ही एवढी मेहनत घेत होतात. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ताईच्याही. मला वाटलं, झालं, सुटले सगळे. मीही सुटले. पण मास्तर हसत नव्हते. ते मनात जुना हिशेब पुन्हा तपासत होते.

"ताई," ते म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी मी बाकावर बसलो होतो, तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं."

ताई माझ्या गादीची कड चाचपू लागली.

"तुम्ही आत गेलात. मला हाताला धरून नेलं असतंत तर कोणी अडवलं नसतं. माझ्या घरचा आहे, एवढंच म्हणायचं होतं."

"माझी जाऊबाई होती बरोबर," ताई हळूच म्हणाली. "आणि लेकीचं नुकतंच ठरत होतं."

"हो," मास्तर म्हणाले. "असेल."

साक्षीच्या सहीचं विचारायला आता अर्थ नव्हता, तरी भावाने विचारलं. ताई म्हणाली, "घरात मला सगळं चालतं रे. मला कधी वावगं वाटलं का? पण कागदावर माझं नाव नको. कागद चारजणांच्या हातात जातो." ती दुसऱ्या दिवशीच गेली. जाताना तिने माझ्या गादीवरची चादर काढून नीट, चारही कोपरे दुमडून घातली. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

लग्न एका मंगळवारी झालं. मी नव्हते, पण परत आल्यावर सगळे याच खोलीत बसले, म्हणून ठाऊक आहे. अर्ज जुनाच छापलेला होता. वर आणि वधू अशा दोन चौकटी. कोणी कुठे लिहायचं यावरून दोघांची तिथेच जुंपली. शेवटी कारकुनाने दोन्ही शब्द पेनने खोडले आणि म्हणाला, "आता भांडा." साक्षीला नर्सबाई आणि त्यांची बसवाली बाई; ती दोन फेऱ्यांच्या मधे गणवेशातच आली होती. "मी करणार नाही म्हणजे नाही," ती म्हणत होती, पण पेढ्यांचा पुडा तिनेच आणला होता.

चष्मेवाल्याच्या मालकाला कळलं तेव्हा तो डोकं खाजवून म्हणाला, "मग आता वहिनी कोणाला म्हणायचं?" "कोणालाच म्हणू नकोस," चष्मेवाला म्हणाला. समोरच्या दारचे काका मात्र जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात. मास्तर त्यांना नमस्कार करतात आणि पुढे जातात. मास्तर म्हणतात, "शब्द मिळाला म्हणून सगळे तो वापरतीलच असं नाही. पण माझ्याकडे आहे."

वर्ष झालं याला. आता मी भाडेकरूची खाट नाही, पाहुण्यांची आहे. सांधे कुरकुरतात, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. मला कोणाचा राग नाही; लोखंडाला राग परवडत नाही, गंज लवकर चढतो. एकच विनंती करते. तुमच्या ओळखीच्या घरात अशी एखादी खाट असेल आणि ती कशाला आहे हे तुम्हाला कळलं असेल, तर कळलंय म्हणून सांगून टाका. गप्प राहणं ही माया आहे असं तुम्हाला वाटतं. त्या घरात रोज कोणीतरी उशीवर बुक्क्या मारत असतं.

सध्या माझ्यावर ताई आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लेक परदेशी, जाऊबाई म्हणाल्या आम्हाला जमणार नाही. भाऊ जाऊन घेऊन आला. तो दिवसभर दुकानात असतो, त्यामुळे डोळ्यांत थेंब घालायचं काम मास्तरांकडे आहे. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून.

आज दुपारी ते बाटली घेऊन आले. ताई उताणी पडली होती, डोळ्यावर पट्टी.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा राग आहे का हो तुम्हाला?"

मास्तरांनी पट्टी सोडवली, कापसाने डोळ्याची कड पुसली.

"आहे," ते म्हणाले. "वर बघा."

तिने वर बघितलं. थेंब पडला. तिने डोळा मिटून घेतला आणि कडेने ओघळ कानाकडे गेला. औषधाचा किंवा कशाचा. मास्तरांनी तोही पुसला.

"संध्याकाळी पण तुम्हीच घालणार ना?"

"मीच घालणार. आता हलू नका."

एवढंच सांगायचं होतं. आता मलाही हलू नका म्हणा. ताईचा डोळा लागतोय, आणि माझी जाळी फार कुरकुरते.