हिरव्या पाटीची गाडी

तुबानं टेबलावरचा कॅल्क्युलेटर आपल्याकडे ओढला आणि त्यावरचा आकडा पुसून टाकला.

"पुन्हा मांडा," ती म्हणाली. "अन् या बारीनं सूट धरून मांडा."

समोर अमरावतीच्या त्या शोरूमचा विपुल बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या बापाकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "चाचा, सूट गाडीच्या मालकाला मिळते. लीजवर घेतली की मालक आमची कंपनी. तुम्ही फक्त महिन्याचं भाडं भरा आणि गाडी फिरवा. सुटीचं आमचं आम्ही बघतो."

जैनुद्दीन मान हलवायच्या बेतात होता. दर्यापूर-अकोला लाईनवर त्याचा जन्म काळीपिवळी जीप हाकण्यात गेला. रस्त्यावर तो ट्रकवाल्यालाही बधायचा नाही. पण एसीत बसलेल्या माणसानं 'चाचा' म्हटलं की त्याची मान आपोआप हलायची. तुबाला त्याचाच संताप यायचा.

"काय बघता तुमी?" ती म्हणाली. "सरकार सूट देते ते बॅटरीची गाडी गरिबाले परवडाव म्हनून. आमचं नाव दाखवून तुमी उचलता, अन् भाडं आमालेच पुरं लावता? अकोल्याचा तुमचाच मानूस भाड्यातून वळती करून देऊन राहिला. लावू का त्याले फोन? स्पीकरवर बोला."

"तुबा, चुप बैठ," जैनुद्दीन पुटपुटला.

"तुमी चुप बसले म्हनून त मले बोलाव लागते, अब्बा."

दोन महिने ती गच्चीवर मोबाइल घेऊन बसली होती. शाळा नववीत सुटली, पण कुणी आपल्याला फसवतंय हे ओळखायला दहावी लागत नाही. बॅटरीच्या गाडीची सूट, रस्त्याच्या कराची माफी, जुनी काळीपिवळी भंगारात दिल्याची सूट, बाईच्या नावावर गाडी घेतल्याची सूट. कोणती कशावर बसते ते तिनं एकेक फोन करून, शिव्या खाऊन आणि देऊन, शोधून काढलं होतं. सगळ्या एकावर एक चढवल्या की भाडं जुन्या जीपच्या डिझेलहून कमी पडत होतं.

विपुलनं कॅल्क्युलेटर परत घेतला. बोटं आपटत हिशोब केला. मग शेवटचा पत्ता टाकावा तसं म्हणाला, "बाईच्या नावाची सूट पाहिजे तर चालवणारीही बाईच लागते. तपासणी होते. लायसन्स आहे?"

टेबलावर एकाच वेळी दोन लायसन्सं आली. एक तुबाचं, नवंकोरं. एक जैनुद्दीनचं, कडा झिजलेलं.

विपुलनं तुबाचं उचललं. दुसरं तसंच पडून राहिलं. थोड्या वेळानं जैनुद्दीननं ते घेतलं, सदऱ्यावर पुसलं आणि वरच्या खिशात घातलं.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "नाव तुह्यं अन् चालवाचं मी, असं ठरलं होतं ना?"

"कोनं ठरवलं?"

"घरात. तुह्या अम्मीनं, मी..."

"मले कोनं विचारलं? फोटो माहा पायजे, सही माही पायजे, अन् स्टेअरिंगवर तुमी. मी काय झेरॉक्स हावो?"

"आवाज कमी कर. लोकं आयकून राहिले."

"आयकू द्या! जीप शिकवली काहून मंग मले? नुस्ती घरी ठेवाची होती त फ्रीज घेतला असता!"

मागच्या सीटवर कुणीतरी फिस्सकन हसलं. जैनुद्दीननं तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. दुसऱ्या आठवड्यात पांढरी, हिरव्या पाटीची बॅटरीची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा गल्ली सगळी गोळा झाली. तो मात्र मशिदीत जाऊन बसला.

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याच्या लाईनचा नंबर पुंजाजी लावायचा. तोंडात कायम तंबाखूचा खर्रा, हातात काडी. जैनूभाईच्या नंबरावर जैनूभाईची पोरगी उभी राहिलेली पाहून त्यानं खर्रा थुंकला.

"हे काय हाये?"

"गाडी हाये," तुबा म्हणाली. "नंबर आमचाच हाये. अब्बाचा."

"नंबर हाये त लाव. पन टायमात भरली नाही त मागची सुटीन. सगळ्याले एकच कायदा."

कायदा सगळ्यांना एकच होता, हे खरं. पण काळीपिवळीच्या धंद्यात कायद्यापेक्षा रिवाज मोठा. गाडी भरायला कितीही वेळ असो, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो. मधूनच हातभर पुढे घेतो, पुन्हा मागे. गाडी थरथरताना दिसली की माणसाला वाटतं, आता सुटतेच. आणि तो पळत येऊन बसतो. तुबाची गाडी चालू असली काय, बंद असली काय, सारखीच. आवाज नाही, थरथर नाही, धूर नाही.

लोक यायचे, आत डोकावायचे आणि मागच्या धडधडणाऱ्या जीपमध्ये जाऊन कोंबून बसायचे.

"अवो आजी, या ना, ए.सी. हाये!"

"बंद गाडीत कायले बसू माय मी?"

"चालू हाये!"

"आवाज कुठी हाये मंग?"

तुबानं स्टेअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला तेवढाच आवाज.

आणखी एक रिवाज होता. रिकाम्या गाडीत पहिलं कुणी बसत नाही. म्हणून लाईनचे ड्रायव्हर एकमेकांच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन प्रवासी बनून बसतात. खरी माणसं आली की एकेक जण उतरतो. यात उपकार कसले? आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. जैनुद्दीन सगळ्यांच्या गाडीत बसलेला. मागच्या नंबरच्या जानरावच्या गाडीत तर तापानं फणफणतानाही बसलेला.

तुबा जानरावकडे गेली. "काका, बसता का घडीभर?"

जानराव हसला. "पोट्टीच्या गाडीत बसाव आमी?"

"काहून? सीटले काटे हाये?"

"तसं नाही वो. पन झोप लागली त? आवाजच नाही तुह्या गाडीले. डायरेक्ट अकोल्यात उठीन मी!"

सगळे खो खो हसले.

"माह्या बापानं तुमच्या गाडीत बसून बसून बूड झिजवलं," ती म्हणाली. "तवा त्याले कोनी विचारलं नाही, जैनूभाई, पोट्टी हाये का पोट्टा."

हसणं थांबलं, पण उठलं कुणी नाही. पुंजाजीनं काडी हलवली. "टाइम झाला. मागची घे रे!"

असं त्या दिवशी झालं, दुसऱ्या दिवशी झालं. कापसाला भाव नाही, सोयाबीन मातीमोल. अकोल्याला जाणारे आधीच कमी. जे होते त्यांच्यावर सगळ्यांचे डोळे. महिना असाच गेला तर भाडं थकणार आणि कंपनी गाडी ओढून नेणार. घरची काळीपिवळी तर सूट मिळावी म्हणून भंगारात गेलेली. मागे फिरायला रस्ताच ठेवला नव्हता तिनं.

जैनुद्दीन रोज स्टँडवर यायचा. चहाच्या टपरीवर लाईनकडे पाठ करून बसायचा. तुबाला वाटायचं, जाऊन त्याच्या हातातला ग्लास काढून घ्यावा आणि विचारावं, समाधान झालं का आता?

बाजाराच्या दिवशी तिनं नंबर लावला. काच वर केली आणि समोर पाहत बसली. कुणाला बोलवायचं नाही, असं ठरवूनच आली होती. गाडी नेतील तर नेऊ दे.

मागचं दार उघडलं. कुणीतरी बसलं, दार ओढून घेतलं.

"ओ ड्रायवर," आवाज आला, "सोडता का नाही? कवाचा बसून राहिलो मी."

तिनं आरशात पाहिलं. जैनुद्दीन मधल्या सीटवर बसला होता. मांडीवर पिशवी. नजर खिडकीबाहेर. आवाज एवढा चढा, की अर्ध्या स्टँडनं वळून पाहिलं.

"अकोल्यात काम हाये माह्यं! तुमच्याच्यानं होत नसन त सांगा, दुसरी गाडी पायतो!"

बापानं आजवर तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

पण लाईनवर कसं बोलायचं ते तुबाला ठाऊक होतं. "थांबा ना वो बाप्पा!" ती काच खाली करून ओरडली. "निघूनच राहिली गाडी! अकोला, अकोला, अकोला!"

बाजार करून निघालेली दुर्गाबाई नावाची म्हातारी, डोक्यावर गाठोडं, दाराशी थांबली. आत माणूस बसलेला पाहिला. बसली. तिच्या मागून दोन कॉलेजची पोरं. मग एक नवरा-बायको. पुढच्या सीटवर, तुबाशेजारी, एक खताचा दुकानदार. जैनुद्दीन सरकून सरकून जागा देत होता आणि मधूनमधून कुरकुरत होता, "काय वो, किती भरता!"

शेवटी कडेवर लेकरू घेतलेली एक बाई धावत आली. जागा उरली नव्हती.

जैनुद्दीन उतरला. तिला हात देऊन आत बसवलं, दार नीट लावून घेतलं. टपावर दोनदा थाप मारली. चाल.

पुंजाजीची काडी हवेतच राहिली. गाडी स्टँडबाहेर पडली.

नाक्याच्या पुढे आल्यावर दुर्गाबाई मागून बोलली. आवाजात राग होता.

"काय वो बाई, थो म्हातारा कवाचा बसला होता. त्याले काम होतं म्हने. अन् लेकुरवाळी आली की उतरवून देल्ला? तोंड नाही उघडलं तुनं. शरम नाही वाटत?"

कॉलेजची पोरं तुबाकडे पाहू लागली. तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. आरसा सरळ केला.

"चुकलंच, आजी," ती म्हणाली. "उद्या समोर बसवतो त्याईले."