एकसारखे चार झगे

कपडेपटाच्या खोलीत निळे झगे टांगलेले दिसले आणि व्हर्लीन दारातच थबकली. एक नव्हे, चार. चारही तिच्या मापाचे, चारही एकसारखे.

मालिकांच्या धंद्यात केस पिकलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. साध्या प्रसंगाला एक झगा पुरतो. रक्त सांडायचं असलं तरच चार शिवतात, कारण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घेताना दर टेकला एक माखतो. त्यात हा तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग. पहिल्या सीझनमध्ये लोक नावं शिकतात, दुसऱ्यात जीव लावतात आणि तिसऱ्यात हे लेखक नेमका तो जीव उचलतात.

"मार्गो, एवढे कशाला गं शिवलेस?"

मार्गोने तोंडातल्या टाचण्यासुद्धा काढल्या नाहीत. "मला काय विचारता, मिस व्हर्लीन? मला वरून नुसतं माप येतं."

"कसलं माप? शवपेटीचं?"

बर्बँकच्या त्या स्टुडिओत सगळे लांब टेबलाभोवती त्या भागाच्या वाचनाला जमले होते. तीन सीझन ती दारूच्या तस्करांच्या घरातली आई झाली होती. त्याआधी कितीतरी वर्षं तिला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती. हे काम गेलं, की सत्तरीच्या बाईला पुन्हा कोण पुसतंय? शेवटची पानं अजून कुणाला दिली नव्हती. लेखकांचा म्होरक्या ब्रॉडी ती छातीशी धरून बसला होता.

शेजारी टेरेल, तिचा पडद्यावरचा धाकटा, डोनट खात होता. "आई, तोंड का असं? कवळी घरी राहिली?"

"गप गिळ."

ब्रॉडीने घसा खाकरला, तशी ती उभी राहिली. "थांब. झगे पाहिलेत मी. मला मारणार असशील तर तोंडावर सांग. आणि मीच का रे? अख्खं घर माझ्या जिवावर उभंय. मारायचंच तर या पोरांतला एखादा मार. कोण रडतंय यांना?"

सगळे हसले. टेरेल सगळ्यांत मोठ्याने. "ऐकलंत? सख्खी आई असती तर असं बोलली असती का?"

ब्रॉडी हसला नाही. त्याची नजर टेरेलवर होती.

"झगे तुमचेच आहेत, मिस व्हर्लीन. रक्त तुमचं नाही." मग हळूच म्हणाला, "टेरेल, तुला एकट्याला गाठून सांगणार होतो मी."

टेरेलच्या ओठाला साखर तशीच चिकटलेली. "हिच्या मांडीवर?"

ब्रॉडीने होकारार्थी मान डोलावली.

आपण वाचलो, असं व्हर्लीनला आधी वाटलं. मग त्या वाटण्याचीच तिला शिसारी आली.

"पानं बदल. मला मार. मघाशी बोलले ती म्हातारीची बडबड होती."

"तुम्ही गेलात तर चौथा सीझन कुणाच्या घरात घडवू?"

टेरेलनेच ब्रॉडीच्या हातातली पानं ओढली, तिच्यापुढे ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "वाच, आई. नीट वाच. रडून नासवू नकोस, तुझा आवाज फाटतो."

तिने चष्मा चढवला.

"ऊठ ना रे, सोन्या."

आवाज फाटलाच. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने चिडवायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यापुढे कागदावर त्याला एकही वाक्य नव्हतं.